एका पौंडाच्या गाडीचा हिशेब

लंडनहून वायव्येला निघालं की ऑक्सफर्डच्या पलीकडे ब्रॅकली नावाचं गाव लागतं. नॉर्दम्प्टनशायर परगण्यातलं हे जुनं बाजाराचं गाव. ऐसपैस हाय स्ट्रीट, तिथेच अठराव्या शतकातला टाऊन हॉल, त्याच्या माथ्यावर छोटासा मनोरा, दुतर्फा दुकानं. ए-४३ हा हमरस्ता गावाला वळसा घालून सिल्व्हरस्टोनकडे जातो. गावाच्या कडेला, झाडांच्या आडोशाने, बसक्या चकचकीत इमारती दिसतात. कुंपण आहे, फाटक आहे, पाहुण्याला हटकणारा पहारेकरी आहे. गाडीच्या इंजिनाचा आवाज मात्र औषधालाही नाही. मर्सिडीजचा फॉर्म्युला वन संघ इथे गाड्या बनवतो.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी ‘अल्पायुषी’ असा सांगितला तेव्हा मला याच फाटकातून बाहेर पडलेली एक पांढरी गाडी आठवली. नाव बीजीपी ००१. ६ मार्च २००९ रोजी ती पहिल्यांदा धावली आणि १ नोव्हेंबरला अबू धाबीत तिची शेवटची शर्यत झाली. पुरते आठ महिनेही नाहीत. एवढ्यात १७ शर्यतींपैकी ८ तिने जिंकल्या, चालकांचं आणि संघांचं अशी दोन्ही जगज्जेतेपदं पटकावली. तिच्याबरोबर ‘ब्रॉन जीपी’ हे संघाचं नावही संपलं. एकच मोसम खेळला आणि त्यात सगळं जिंकला, असा दुसरा संघ फॉर्म्युला वनच्या इतिहासात नाही.

ही गोष्ट सांगताना सगळे एका आकड्यापाशी थांबतात. अख्खा संघ १ पौंडाला विकत घेतला होता! २०२३ मध्ये कियानू रीव्ह्जने यावर चार भागांचा माहितीपट केला, त्यातही ही जादू आहेच. आकडा खरा आहे. पण कागदावरची किंमत आणि गाडीला पडलेला खर्च यांत फार मोठं अंतर आहे. ब्रॅकलीला जायचं ते त्या अंतराचा माग काढायला.

लाकडाच्या वखारीपासून

या संघाचं मूळ ब्रॅकलीतलं नाही. सरे परगण्यातले केन टायरेल लाकडाचे व्यापारी. त्यांचा शर्यतीचा संघ वखारीतल्या शेडमधून चालायचा आणि तिथून निघून जॅकी स्टुअर्टने जगज्जेतेपदं मिळवली. पुढे तो संघ ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या सिगारेट कंपनीच्या पैशावर विकत घेतला गेला आणि १९९९ पासून बीएआर या नावाने ब्रॅकलीतून खेळू लागला. मग होंडाने तो हळूहळू आपल्याकडे घेतला. म्हणजे मालक बदलले, पाट्या बदलल्या, गाड्यांचे रंग बदलले. कारखाना तिथेच राहिला आणि त्यातली बरीच माणसंही.

हे ध्यानात घ्यायला हवं, कारण फॉर्म्युला वनचा संघ म्हणजे दोन चालक आणि दोन गाड्या नव्हेत. दर मोसमाला नवी गाडी लागते. तिचे हजारो भाग संघ स्वतः आखतो, त्यातले बहुतेक स्वतःच बनवतो. कार्बन फायबरची कापडं साच्यात थरावर थर लावून भट्टीत भाजणारे कारागीर, मिलिमीटरच्या हिशेबात धातू कापणारे यंत्रचालक, विंड टनेलमध्ये लहान प्रतिकृतीवर वारा सोडून रात्रपाळी करणारे इंजिनिअर, अशी शेकडो माणसं मिळून एक गाडी उभी करतात. सिल्व्हरस्टोन, ब्रॅकली, ब्रिक्सवर्थ हा टापू अशाच कारागिरांनी भरलेला आहे. नोकरी गेली तरी घर बदलावं लागत नाही, शेजारच्या गावातल्या दुसऱ्या संघाचं दार ठोठावता येतं. २००८ च्या डिसेंबरात मात्र ती सोयही उरली नव्हती.

सोडून दिलेलं वर्ष

होंडाने पैसा ओतला, पण पदरात फार काही पडलं नाही. २००६ मध्ये हंगेरीत जेन्सन बटनने एक शर्यत जिंकली. त्यानंतर उतार सुरू झाला. २००७ च्या संपूर्ण मोसमात ६ गुण, २००८ मध्ये १४. जगातल्या बड्या मोटार कंपनीचा संघ तळाशी लोळत होता.

२००८ च्या मोसमासाठी रॉस ब्रॉन संघप्रमुख म्हणून आले. मायकल शूमाकरच्या सातही जगज्जेतेपदांमागे तांत्रिक डोकं त्यांचं होतं, आधी बेनेटनमध्ये आणि नंतर फेरारीत. हा मोठ्या चणीचा, चष्मा लावणारा, मासेमारीची आवड असलेला माणूस घाई करण्यातला नव्हे. त्यांनी ब्रॅकलीत पाऊल ठेवलं तेव्हा २००८ ची गाडी तयार झालेली होती आणि ती वाईट आहे हे दिसत होतं. तिची डागडुजी करण्यात वेळ घालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

कारण २००९ पासून नियम मुळापासून बदलणार होते. गाड्यांना एकमेकींना ओलांडता येत नाही ही प्रेक्षकांची जुनी तक्रार. म्हणून पुढचा पंख १४०० मिलिमीटरवरून १८०० वर रुंदावला, मागचा १००० वरून ७५० वर आवळला, अंगावरची छोटी छोटी पंखपाती काढून टाकायला लावली. खाचांच्या टायरांऐवजी अकरा वर्षांनी पुन्हा गुळगुळीत स्लिक टायर आले. मोसम चालू असताना सराव-चाचण्यांवर बंदी आली. पाटी कोरी होणार होती, आणि कोऱ्या पाटीवर आधी लिहायला बसेल तो पुढे जाणार होता.

फेरारी आणि मॅकलरेन २००८ च्या जेतेपदासाठी शेवटच्या शर्यतीपर्यंत झुंजत होते. त्यांना पुढच्या वर्षाकडे बघायला सवड नव्हती. तळाशी असलेल्या होंडाला गमावण्यासारखं काही नव्हतं. एकापेक्षा जास्त विंड टनेलमध्ये एकाच वेळी २००९ च्या गाडीवर काम सुरू झालं. तिच्यावर वर्षभराहून जास्त काळ आणि होंडाच्या तिजोरीतला अमाप पैसा खर्च झाला. एका पौंडाच्या हिशेबातली पहिली मोठी रक्कम ही.

पाच डिसेंबर

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. मोटारींची विक्री जगभर कोसळली. ५ डिसेंबरला टोकियोत होंडाचे अध्यक्ष ताकेओ फुकुई यांनी फॉर्म्युला वनमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ब्रॅकलीत तेव्हा सुमारे ७०० माणसं कामाला होती. नाताळ तोंडावर, नवी गाडी अर्धी-अधिक तयार, आणि मालक नाही.

मग खरेदीदारांची रांग लागली. काही खरे, काही नुसतेच मिरवणारे. कारखाना बंद करायचा तरी होंडाला सोपं नव्हतं. नोकरकपातीची भरपाई, पुरवठादारांची देणी, अर्धवट करार, हे सगळं अंगावर येणार होतं. शेवटी ब्रॉन आणि निक फ्राय यांच्यासह व्यवस्थापनातल्या मंडळींनीच संघ घ्यायचा, असं ठरलं. किंमत १ पौंड. होंडाने वर त्या मोसमाच्या खर्चातला मोठा वाटाही उचलला. बंद करायला लागले असते ते पैसे चालू ठेवायला दिले, असा तो सरळ व्यवहार होता. म्हणजे त्या एका पौंडात मिळाला तो नुसता कारखाना नव्हता, त्यातल्या जबाबदाऱ्याही गळ्यात पडल्या होत्या. ब्रॉन यांच्या नावावर नफा लिहायचा तर ही जोखीमही तिथेच लिहायला हवी.

दोन्ही चालकांनी मानधनात मोठी कपात स्वीकारली. कामगारांना तसा पर्याय नव्हता. मोसम सुरू होता होता सुमारे २७० जणांच्या नोकऱ्या जाणार हे जाहीर झालं. ज्या गाडीने जग जिंकलं, ती बनवणाऱ्या हातांपैकी अनेक हात जेतेपदाच्या दिवशी त्या कारखान्यात नव्हते. माहितीपटांत हा भाग पटकन उरकला जातो.

परक्या इंजिनासाठी

होंडाने संघाबरोबर इंजिनही काढून घेतलं होतं. आता इंजिन आणायचं कुठून? मर्सिडीजचं इंजिन ब्रिक्सवर्थला, याच परगण्यात बनायचं. ते मॅकलरेनचं हक्काचं होतं, तरी प्रतिस्पर्ध्याला ते द्यायला मॅकलरेनने आडकाठी केली नाही. आज हा मोठेपणा वाटतो. तेव्हा त्यांना या संघाची भीती वाटायचं काही कारणच नव्हतं.

इंजिन मिळालं, पण ते बसणार कसं? रस्त्यावरच्या मोटारीत इंजिन सांगाड्यात ठेवलेलं असतं. फॉर्म्युला वनच्या गाडीत इंजिन हाच सांगाड्याचा मागचा भाग. चालक बसतो त्या कार्बनच्या कवचाला इंजिन बोल्टने जोडतात, इंजिनाला गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्सवर मागचं सस्पेन्शन. मागच्या चाकांचा सगळा भार इंजिनातून पुढे येतो. त्यामुळे एका इंजिनासाठी आखलेल्या गाडीत दुसरं बसवणं म्हणजे कणाच बदलणं. मर्सिडीजचं इंजिन होंडाच्या मापाचं नव्हतं. तयार कवचाचा मागचा भाग कापून त्याची लांबी कमी करावी लागली. इंजिनाच्या आसाची उंचीही जुळत नव्हती, म्हणून गिअरबॉक्स जरा वर चढवावा लागला. नव्याने आखायला वेळ नव्हता. वजन वाढलं, मागचा भाग आखणीइतका नेटका राहिला नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवणारी केर्स यंत्रणा, जी त्या वर्षी नव्याने आली होती, ती या गाडीत बसवलीच नाही. सुटे भाग मोजके आणि कवचं अख्ख्या मोसमात तीनच.

सगळं श्रेय मर्सिडीजच्या इंजिनालाच द्यावं असंही नाही. विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाचा कारखाना इथून जवळच, सिल्व्हरस्टोन ट्रॅकच्या फाटकासमोर होता. त्यांच्याकडेही त्या वर्षी तेच इंजिन होतं, शिवाय गिअरबॉक्स मॅकलरेनचा. आपला तिरंगी रंगातला संघ म्हणून आपण तो कौतुकाने पाहत होतो, पण त्याला पहिला गुण मिळायला ऑगस्टअखेरची स्पाची शर्यत उजाडावी लागली. तिथे त्यांचा चालक फिसिकेला पहिल्या क्रमांकावरून सुटला आणि दुसरा आला. खुद्द मॅकलरेनलाही वर्षाच्या सुरुवातीला सूर सापडत नव्हता. इंजिन एकच, निकाल तीन तऱ्हेचे. फरक गाडीच्या तळाशी होता.

खालून पाहिलं तर

बीजीपी ००१ चे समोरून काढलेले फोटो देखणे आहेत. पांढरं अंग, फ्लुरोसंट पिवळ्या रेघा, जाहिराती जवळजवळ नाहीत. जाहिरातदार मिळाले नव्हते म्हणून गाडी अशी सोज्वळ दिसते. पण खरा ऐवज मागून काढलेल्या फोटोत आहे. मागच्या चाकांच्या मध्ये, दिव्याच्या खाली, तळाचा पत्रा वर उचलला गेलेला दिसतो आणि त्याच्यावर आणखी एक पोकळी. यालाच डबल डिफ्युझर म्हणतात.

डिफ्युझर काय करतो? फलाटाच्या कडेला उभं असताना फास्ट लोकल धडधडत गेली की ओढणी, कागद गाडीकडे ओढले जातात. वेगाने जाणाऱ्या हवेपाशी दाब कमी होतो, त्याचा हा परिणाम. शर्यतीच्या गाडीच्या पोटाखालून हवा अशीच सुसाट जाते, तिथला दाब उतरतो आणि गाडी जमिनीकडे खेचली जाते. तळाच्या शेवटी असलेला वर चढणारा भाग म्हणजे डिफ्युझर. हवेला पसरायला जागा देऊन तो पोटाखालचा वेग वाढवतो. गाडी जितकी खाली खेचली जाईल, तितकी वळणावर ती वेगात टिकते.

नव्या नियमांनी डिफ्युझरची उंची १७५ मिलिमीटरवर बांधून टाकली होती. शिवाय खालून पाहिल्यावर तळाला भोक दिसता कामा नये, असा नियम. आता गाडीचा तळ एका पातळीत नसतो. मधला पट्टा खाली, दोन्ही बाजू ५० मिलिमीटर वर, अशी पायरी असते. त्या पायरीच्या उभ्या भिंतीत वाट ठेवली तर? बरोबर खालून पाहिलं तर ती दिसत नाही. नियमाच्या शब्दाला धक्का न लागता हवा वरच्या मजल्यावर जाते आणि डिफ्युझरची उंची मर्यादेपेक्षा जास्त असल्यासारखं काम होतं. ही कल्पना होंडाच्या एका जपानी इंजिनिअरला सुचली असं सांगितलं जातं. टोयोटा आणि विल्यम्स यांनीही स्वतंत्रपणे तीच फट हेरली होती, पण संपूर्ण गाडी त्या फटीभोवती बेतली ती ब्रॅकलीत.

ब्रॉन यांनी नंतर सांगितलं आहे की, नवे नियम ठरवण्याच्या काळात संघांच्या बैठकीत त्यांनीच सुचवलं होतं, नियम अजून आवळा, नाहीतर गाड्या तुम्हाला वाटतं त्याहून कितीतरी वेगवान होतील. तळाच्या संघाचा माणूस बोलतोय म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वर्षभराने तेच संघ तक्रार घेऊन उभे राहिले. मेलबर्नला झालेल्या पहिल्या शर्यतीच्या पंचांनी तक्रार फेटाळली. प्रकरण पॅरिसमधल्या अपील न्यायालयात गेलं आणि १५ एप्रिलला तिथेही डबल डिफ्युझर वैध ठरला.

सात शर्यती

मार्चमध्ये बार्सिलोनाच्या सरावात गाडी उतरली तेव्हा शेवटच्या दोन्ही दिवशी तीच यादीत सर्वांत वर. कमी वजनाने पळवून जाहिरातदारांना भुलवताहेत, असं पॅडकमध्ये बोललं गेलं. २९ मार्च, गुढीपाडव्यानंतरचा रविवार. आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते तेव्हा मेलबर्नला दिवे विझले. बटन पहिला, त्याचा संघातला जोडीदार रुबेन्स बॅरिकेलो दुसरा. पदार्पणाच्या शर्यतीत पहिले दोन क्रमांक मिळवणारा याआधीचा संघ १९५४ चा मर्सिडीज.

मग मलेशिया, जिथे मुसळधार पावसाने शर्यत अर्ध्यावर थांबली आणि निम्मेच गुण मिळाले. बहारीन, स्पेन, मोनॅको, तुर्कस्तान. चीनमध्ये तेवढा बटन तिसरा. सात शर्यतींत सहा विजय, ६१ गुण. मोनॅकोत विजयानंतर त्याने गाडी भलत्याच ठिकाणी उभी केली आणि पोडियमपर्यंत ट्रॅकवरून धावत गेला. दोन मोसमांत मोजके गुण मिळवलेला, डिसेंबरात बेकार होण्याच्या बेतात असलेला २९ वर्षांचा माणूस तो.

थंड टायर

जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला, घरच्या प्रेक्षकांपुढे, गाडीचं दुखणं बाहेर आलं. रेड बुलने पहिले दोन क्रमांक नेले, बटन सहावा. ही गाडी टायरांना जपून वापरायची. उन्हात हा गुण होता, कारण टायर लवकर झिजत नसत. थंडीत तोच दोष झाला. टायर योग्य तापमानाला येईचना आणि पकड मिळेना. बटनची चालवण्याची शैली आधीच मऊ, त्यामुळे त्याला जास्त फटका. नवे भाग आणून सुधारणा करायची तर पैसा नाही, माणसं कमी, आणि सरावबंदीमुळे प्रयोग करायला शर्यतीचा शुक्रवारच तेवढा हाताशी. बाकीचे संघ दर शर्यतीला नवा पत्रा लावत होते, स्वतःचे डबल डिफ्युझर बनवत होते. उरलेल्या दहा शर्यतींत बटनला मिळाले ३४ गुण. विजय एकही नाही.

जुलैत हंगेरीच्या पात्रता फेरीत बॅरिकेलोच्या गाडीची मागची स्प्रिंग सुटली आणि मागून येणाऱ्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली. मासा वाचला, पण त्याचा मोसम तिथेच संपला. या गाडीच्या गौरवगाथेत हा प्रसंगही असायला हवा.

मोसमाचा उत्तरार्ध सावरला तो सदतिशीतल्या बॅरिकेलोने. व्हॅलेन्सिया त्याने जिंकली. ब्राझिलियन चालकांचा मिळून तो शंभरावा विजय. मग मोन्झाही जिंकली. तो या गाडीचा शेवटचा विजय.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी

१८ ऑक्टोबर २००९. आदल्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन झालेलं. रात्री साडेनऊला साव पावलोच्या इंटरलागोसवर शर्यत सुरू झाली. पावसाने ताणलेल्या पात्रता फेरीत बॅरिकेलो आपल्याच गावी पहिला आणि बटन चौदावा. दुसऱ्या कुठल्याही संघाने त्या दिवशी हिशेब करून, दबकत शर्यत केली असती. बटनने एकेक गाडी मागे टाकायला सुरुवात केली. पहिलीच शर्यत चालवणारा टोयोटाचा कामुई कोबायाशी त्याला बराच वेळ वाट देईना. बॅरिकेलोचा टायर पंक्चर झाला, तो आठवा आला. बटन पाचवा. तेवढं पुरलं. एक शर्यत बाकी असतानाच दोन्ही जेतेपदं ब्रॅकलीत आली आणि बटन रेडिओवर भसाड्या आवाजात गाऊ लागला.

हिशेब

१६ नोव्हेंबरला मर्सिडीजची मूळ कंपनी डेमलर आणि अबू धाबीची आबार यांनी संघाचा ७५.१ टक्के हिस्सा घेतल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांनी बटन मॅकलरेनला गेला. २०१० पासून शर्यतीत इंधन भरायला बंदी आली, टाक्या मोठ्या कराव्या लागल्या, त्यामुळे बीजीपी ००१ ला पुढच्या वर्षी नेण्याचा प्रश्नच नव्हता. २०११ पासून डबल डिफ्युझरही नियमाबाहेर गेला. गाडीची कल्पनाही गाडीइतकीच अल्पायुषी ठरली.

कारखाना मात्र उरला. तिथूनच २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षं मर्सिडीजने संघांचं जगज्जेतेपद मिळवलं. होंडानेही पुन्हा येऊन २०२१ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेनच्या गाडीला इंजिन दिलं आणि त्याला जगज्जेता केलं. २०२६ पासून होंडाने जोडीदार निवडला तो अॅस्टन मार्टिन. त्यांचा कारखाना सिल्व्हरस्टोनच्या फाटकासमोर, जिथे एके काळी फोर्स इंडिया होता.

माझ्या मते या गाडीला नशिबाची लेक म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. हरत असलेलं एक वर्ष शांतपणे सोडून देण्याची हिंमत, होंडाचा पैसा, ब्रिक्सवर्थचं इंजिन, मॅकलरेनचा होकार आणि नोकऱ्या गमावलेल्या कामगारांचं आधीच करून झालेलं काम, एवढं सगळं तिच्यात होतं. एक पौंड ही फक्त कागदावर लिहायची रक्कम होती. ती गोष्ट पुन्हा कुणी सांगितली, तर त्या २७० जणांचाही उल्लेख करायला सांगा.